वेगाच्या कोष्टकाआधी उंची विचारा: महायुद्धाच्या अखेरच्या पिस्टन लढाऊ विमानांची तुलना कशी करायची

अमेरिकन रिपब्लिक पी-४७ डी थंडरबोल्टचा कमाल वेग ताशी सुमारे ६९० किलोमीटर. ब्रिटिश हॉकर टेम्पेस्ट मार्क ५ चा जवळपास तेवढाच. कोष्टकात शेजारी शेजारी पाहिलं तर दोन्ही विमानं बरोबरीची वाटतात. पण थंडरबोल्टचा आकडा नऊ हजार मीटरवरचा आहे आणि टेम्पेस्टचा साडेपाच हजारांच्या आसपासचा. जमिनीलगत टेम्पेस्ट थंडरबोल्टला आरामात मागे टाकायचं. नऊ हजार मीटरवर मात्र त्याचं इंजिन धापा टाकायचं आणि थंडरबोल्ट तिथेच खुलायचं.

सिम्युलेटर खेळता खेळता किंवा विमानांची मॉडेल्स बनवता बनवता या विषयात शिरलेल्यांचा गोंधळ बहुतेक वेळा असल्याच कोष्टकांमुळे होतो. १९४४-४५ मधली विमानं एकमेकांशी कशी ताडून पाहायची, याची एक पद्धत खाली देतो. वही आणि कॅल्क्युलेटर एवढंच सामान लागेल.

पायरी १: विमानाचं पूर्ण नाव लिहा

‘स्पिटफायर’ एवढंच लिहून भागत नाही. स्पिटफायर मार्क ९ मध्ये २७ लिटरचं मर्लिन इंजिन होतं. १९४४ च्या सुरुवातीला आलेल्या मार्क १४ मध्ये ३६.७ लिटरचं ग्रिफन आणि पाच पात्यांचा प्रोपेलर. ग्रिफन मर्लिनच्या उलट दिशेने फिरायचं, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी विमान दुसऱ्याच बाजूला ओढ घ्यायचं आणि जुन्या वैमानिकांना पायांची सवय बदलावी लागायची. नाव एकच असलं तरी वागणूक वेगळी.

जर्मन बाजूलाही तेच. १९४३ चं मेसरश्मिट १०९ जी-६ आणि १९४४ च्या शरद ऋतूतलं १०९ के-४ यांत मोठा फरक आहे. फॉक-वुल्फ १९० च्या ए मालिकेत हवेने थंड होणारं बीएमडब्ल्यू ८०१ रेडियल (म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरचं) इंजिन होतं, तर डी-९ मध्ये द्रवाने थंड होणारं युमो २१३. हे लांबुडकं इंजिन पुढे बसवल्यावर तोल सांभाळायला शेपटीकडचा भाग अर्ध्या मीटरने वाढवावा लागला. जी-६ समोर स्पिटफायर १४ ठेवून ‘बघा, ब्रिटिश विमान कितीतरी सरस’ असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

दिल्लीला गेलात तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात टेम्पेस्ट पाहायला मिळेल. पण ते मार्क २ आहे. त्याच्या नाकात ब्रिस्टल सेंटॉरस हे रेडियल इंजिन आहे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या वायुसेनेने वापरलेली टेम्पेस्ट याच प्रकारची. युरोपात १९४४ मध्ये लढलेल्या मार्क ५ मध्ये २४ सिलिंडरचं नेपियर सेबर होतं आणि त्याच्या हनुवटीखाली भलामोठा रेडिएटर. मार्क ५ चे आकडे वाचून पालमच्या विमानापुढे उभे राहिलात तर काही जुळणार नाही.

वहीत विमानाचा प्रकार, इंजिनाचा प्रकार आणि ते तुकड्यांमध्ये कधी दाखल झालं तो महिना लिहा. मगच पुढे जा.

पायरी २: प्रत्येक वेगाला उंची जोडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण युद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत इंजिन कारखान्यांची खरी चुरस इथेच होती.

वर जाल तशी हवा विरळ होते. इंजिनाला हवा कमी मिळाली की ताकद घटते. त्यावर उपाय म्हणजे सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. तो फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते. खाली त्याची फारशी गरज नसते आणि वर तो कितीही फिरवला तरी पुरत नाही. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या बांधणीत एक आवडती उंची ठरलेली असते.

१९४४ मधल्या मर्लिन आणि ग्रिफनमध्ये दोन टप्प्यांचा (म्हणजे हवा दोनदा दाबणारा) आणि दोन गिअरचा सुपरचार्जर होता. दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करायची सोयही होती. अशा इंजिनाचा ताकद आणि उंचीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो: चढतो, गिअर बदलताना पडतो, पुन्हा चढतो. मेसरश्मिटच्या डाइमलर-बेंझ ६०५ मध्ये गिअर नव्हते. तेलाच्या कपलिंगमुळे सुपरचार्जरचा वेग उंचीनुसार आपोआप बदलायचा आणि आलेख सपाट राहायचा. कल्पना म्हणून मला जर्मन पद्धत जास्त देखणी वाटते. पण टप्पा एकच असल्यामुळे फार उंचावर दोन टप्प्यांचं मर्लिन सरस ठरायचं.

थंडरबोल्टने तिसरा मार्ग धरला. वैमानिकाच्या मागे, विमानाच्या पोटात एक टर्बोसुपरचार्जर होता. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरायचा. त्यासाठी पुढून मागे आणि मागून पुढे हवेच्या जाड नळ्या न्याव्या लागल्या. विमान एवढं गलेलठ्ठ होण्याचं मोठं कारण हेच. बदल्यात ४६ लिटरचं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन साडेसात हजार मीटरवरही सुमारे २,००० अश्वशक्ती द्यायचं, म्हणजे जमिनीवर देत होतं जवळजवळ तेवढीच.

आता लढाई कुठे झाली ते पाहा. जर्मनीवर अमेरिकन बॉम्बर साधारण सहा ते आठ हजार मीटरवरून यायचे, म्हणून तिथली झटापट उंचावर सुरू व्हायची. रशियन आघाडीवर बहुतेक हवाई लढाया पाच हजार मीटरच्या खाली, रणगाड्यांच्या आणि खंदकांच्या डोक्यावर व्हायच्या. लावोचकिन ला-७ चा कमाल वेग ६६१ म्हणून त्याला दुय्यम ठरवणारे हे विसरतात. जमिनीलगत ते ताशी ६०० च्या आसपास जायचं आणि तिथे त्याला गाठणं कोणालाही अवघड होतं. उंचावर त्याची दमछाक व्हायची, पण उंचावर त्याला कामच नव्हतं.

वहीत प्रत्येक विमानासाठी तीन रकाने करा: समुद्रसपाटी, ३,००० मीटर, ७,५०० मीटर. तिन्ही ठिकाणचा वेग मिळाला तरच तुलना करा. नुसता कमाल वेग मिळाला तर त्याच्यापुढे उंची लिहा आणि पुढे चला.

आणखी एक सावधगिरी. कोष्टकातला वेग हा हवेतून जाण्याचा खरा वेग असतो. कॉकपिटमधला काटा मात्र हवेचा दाब मोजतो. ७,६०० मीटरवर अमेरिकन पी-५१ डी मस्टँग ताशी ७०० ने जात असताना काटा जेमतेम ४८० च्या आसपास दाखवेल. सिम्युलेटरमध्ये ‘माझं विमान पुस्तकातल्या वेगाला पोचतच नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

पायरी ३: अश्वशक्तीमागचं पेट्रोल शोधा

बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा किती दाबून भरली, हे मोजायची प्रत्येक देशाची पद्धत वेगळी होती. ब्रिटिश दर चौरस इंचाला पौंडांत मोजायचे आणि तेही वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त एवढंच सांगायचे: +१८ पौंड. अमेरिकन पाऱ्याच्या इंचांत संपूर्ण दाब सांगायचे: ६७ इंच. जर्मन ‘अटा’मध्ये, म्हणजे साधारण किती वातावरणं या हिशोबात, संपूर्ण दाब सांगायचे: १.८. यांतले +१८ पौंड आणि ६७ इंच जवळजवळ सारखेच आहेत. जर्मन हिशोबात तो दाब सुमारे २.३ अटा होतो.

म्हणजे १.८ अटावर चालणारं जर्मन इंजिन मर्लिनपेक्षा बऱ्याच कमी दाबावर चालत होतं. तरी ताकद तोडीस तोड कशी? डाइमलर-बेंझ ६०५ चं घनफळ ३५.७ लिटर होतं, मर्लिनचं २७. दोस्तांकडे १००/१३० ग्रेडचं पेट्रोल मुबलक होतं आणि १९४४ मध्ये काही तुकड्यांना १००/१५० ग्रेडचं मिळू लागलं. चांगल्या पेट्रोलवर लहान इंजिनात जास्त हवा कोंबता येते, ठोके पडत नाहीत. जर्मनीकडे कोळशापासून बनवलेलं पेट्रोल होतं आणि चांगल्या प्रतीचं कायमच अपुरं. म्हणून त्यांनी मोठं इंजिन मध्यम दाबावर चालवलं आणि निकडीच्या वेळी एमडब्ल्यू ५० वापरलं. हे अर्धं पाणी आणि अर्धं मिथेनॉल असलेलं मिश्रण हवेबरोबर फवारलं की ती थंड व्हायची आणि काही मिनिटं दाब वाढवता यायचा. फॉक-वुल्फ डी-९ ची ताकद त्यामुळे सुमारे १,७५० वरून २,१०० पर्यंत जायची. मे १९४४ पासून कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर बॉम्ब पडू लागले आणि हे गणित कोलमडलं. आधी झळ बसली ती प्रशिक्षणाला. नवे वैमानिक फारच कमी तास उडून थेट लढाईत आले.

म्हणून अश्वशक्तीच्या आकड्याला तीन प्रश्न विचारा: कोणत्या पेट्रोलवर, कोणत्या उंचीवर आणि किती मिनिटं? आणीबाणीची ताकद अमेरिकन इंजिनांत साधारण पाच मिनिटं वापरायची मुभा असे, एमडब्ल्यू ५० सलग दहा मिनिटं. एकाचा पाच मिनिटांचा आकडा दुसऱ्याच्या अर्ध्या तासाच्या आकड्यासमोर ठेवणं हा कोष्टक बनवणाऱ्यांचा आवडता घोटाळा आहे. जर्मन अश्वशक्ती ब्रिटिश अश्वशक्तीपेक्षा दीड टक्क्याने लहान असते. एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

पायरी ४: इंधनासकट वजन काढा, मग भागाकार करा

दोन भागाकार शिकायचे. वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ, म्हणजे दर चौरस मीटरवर किती किलो भार येतो. तो कमी असला तर वळण लहान व्हायची शक्यता जास्त. आणि वजन भागिले अश्वशक्ती. हा आकडा कमी असला तर विमान चांगलं चढतं.

स्पिटफायर १४ चं वजन सुमारे ३,८५० किलो, पंख २२.५ चौरस मीटर, ताकद २,०५० च्या आसपास. भार १७१ आणि दर अश्वशक्तीमागे १.९ किलो. मेसरश्मिट के-४: ३,३६० किलो, १६ चौरस मीटरहून किंचित जास्त, १.८ अटाला सुमारे १,८५० अश्वशक्ती. भार २०९, दर अश्वशक्तीमागे १.८ किलो. रशियन याक-३ तर २,७०० किलोंच्याही आत. त्याचं इंजिन १,३०० अश्वशक्तीलाही पोचत नव्हतं, तरी खालच्या उंचीवर ते कोणाशीही भिडायचं, कारण ओझंच कमी.

आता पी-५१ डी मस्टँग घ्या. आतल्या टाक्या काठोकाठ भरल्या की वजन सुमारे ४,५८० किलो आणि पंख २१.८ चौरस मीटर. भार २१० आला. ताकद जास्तीत जास्त १,७२०, म्हणजे दर अश्वशक्तीमागे २.७ किलो. पंखांखाली जादा टाक्या लावल्या की वजन पाच टनांच्या पुढे. कागदावर हे विमान के-४ समोर टिकू नये.

पण हा हिशोब इंग्लंडमधल्या धावपट्टीवरचा झाला. लढाई तिथून सुमारे ९०० किलोमीटरवर, बर्लिनच्या आकाशात होती. तिथे पोचेपर्यंत बाहेरच्या टाक्या फेकून दिलेल्या असायच्या. वैमानिकाच्या पाठीमागची ८५ गॅलनची टाकी आधीच रिकामी केलेली असायची. ती भरलेली असताना विमानाचा तोल मागे जायचा आणि जोरात वळणं धोक्याचं होतं, म्हणून ती सुरुवातीलाच संपवायची पद्धत होती. उरलं सुमारे ४,३०० किलो वजन. भार १९७, म्हणजे नुकत्याच उडालेल्या के-४ पेक्षा कमी! चढण्यात मेसरश्मिट तरीही पुढे राहायचं, कारण दर अश्वशक्तीमागे मस्टँगला अडीच किलो ओढावे लागत होते.

मस्टँगच्या आतल्या टाक्यांत सुमारे १,०१८ लिटर इंधन मावायचं, स्पिटफायर १४ मध्ये साधारण ५००, के-४ मध्ये ४००. मला विचाराल तर पूर्ण तुलनेत हा एक रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नवखे लोक तोच वगळतात. स्पिटफायर १४ समोरासमोरच्या झुंजीत मस्टँगपेक्षा सरस होतं असं मी बेधडक म्हणेन. पण इंग्लंडहून उडून बर्लिनवर ती झुंज द्यायला ते पोचलंच नसतं.

पायरी ५: वळण, पलटी आणि सूर वेगवेगळे तपासा

पंखांवरचा भार कमी म्हणजे वळण लहान, हा नियम अर्धवट खरा आहे. मस्टँगचा पंख वेगासाठी आखलेला होता. हवा त्याच्यावरून शक्य तितकी लांबवर गुळगुळीत वाहावी अशी त्याची घडण, पण कमी वेगात ओढून वळताना तो तितकासा साथ द्यायचा नाही. मेसरश्मिटच्या पंखांच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या होत्या. त्या नेमक्या अशा वेळी मदतीला यायच्या. त्यामुळे १९७ आणि २०९ या आकड्यांवरून या दोघांच्या वळणाचा निकाल लावू नका.

पलटी, म्हणजे विमान स्वतःच्या अक्षाभोवती किती झटकन फिरतं, हा गुण कोष्टकात क्वचितच असतो. यात फॉक-वुल्फ १९० चा दबदबा होता. अमेरिकन मोजणीत त्याचा सर्वोत्तम आकडा सेकंदाला १६० अंशांच्या आसपास आहे. शत्रू मागे लागला की एका अंगावर पडायचं आणि उलट बाजूला निसटायचं, हा त्याचा हुकमी डाव. मेसरश्मिटचा नियंत्रणाचा दांडा मात्र मोठ्या वेगात इतका जड व्हायचा की अरुंद कॉकपिटमध्ये वैमानिकाला जोर लावायलाही जागा पुरायची नाही.

सूर मारताना वजनदार थंडरबोल्ट सुरुवातीला सगळ्यांना मागे टाकायचं. पण ध्वनीच्या वेगाजवळ जाताना हवा दाबली जाऊन नियंत्रणं दगा देऊ लागतात आणि ती मर्यादा प्रत्येक विमानाची वेगळी. इंग्लंडमधल्या फार्नबरो या चाचणी केंद्रात ब्रिटिश चाचणी वैमानिक एरिक ब्राउन यांनी लढताना वापरता येईल अशी मर्यादा थंडरबोल्टसाठी ०.७१ माख (म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७१ पट), मेसरश्मिट आणि फॉक-वुल्फसाठी ०.७५ आणि मस्टँगसाठी ०.७८ अशी नोंदवली. पातळ पंखांचं स्पिटफायर चाचणीच्या सुरात यापेक्षा बरंच पुढे गेलं होतं. दहा वर्षांपूर्वी आखलेला पंख यात अव्वल निघावा, ही मला या सगळ्या विषयातली सर्वात मजेची गोष्ट वाटते.

पायरी ६: शस्त्रं

इथे फार रमू नका. के-४ मध्ये प्रोपेलरच्या मधून मारा करणारी ३० मिलिमीटरची तोफ होती. एक-दोन गोळ्यांत लढाऊ विमान खलास. पण गोळ्या ६५ च्या आसपास आणि त्यांचा वेगही कमी, म्हणून जवळ जावं लागायचं. टेम्पेस्टच्या २० मिलिमीटरच्या चार तोफा मला सगळ्यात समतोल वाटतात. मस्टँगच्या सहा मशिनगन त्यामानाने हलक्या. पण १९४४ मध्ये त्यावर आलेल्या जायरो नेमयंत्राने, वळत्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा हे दाखवून, ती उणीव बरीच भरून काढली.

पायरी ७: आकडा कोणी मोजला?

नाकाजिमा कि-८४ हे जपानी विमान घ्या. जपानी नोंदीत त्याचा कमाल वेग ताशी ६३० च्या आसपास. पाश्चात्त्य पुस्तकांत मात्र ६८७ हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या छापला जातो, तो युद्धानंतर अमेरिकेत चांगल्या पेट्रोलवर उडवलेल्या विमानाचा म्हणून. दोनपैकी कोणता घ्यायचा? फिलिपाइन्समध्ये प्रत्यक्ष काय घडलं हे समजून घ्यायचं असेल तर जपानीच घ्या, कारण तिथल्या तुकड्यांना अमेरिकन पेट्रोल मिळत नव्हतं. उलट, पकडलेल्या विमानांच्या काही चाचण्यांत आकडे कमीही येतात. सुटे भाग नाहीत, इंजिनाची सवय असलेले मेकॅनिक नाहीत, मग विमान पूर्ण ताकदीने उडणार कसं? कारखान्याने काढलेला अंदाज, घासूनपुसून तयार केलेल्या नमुन्याची चाचणी आणि तुकडीतल्या चिखलमाखल्या विमानाची चाचणी, यांतलं नेमकं काय आहे ते आकड्याशेजारी लिहून ठेवा.

पहिली जोडी कोणती घ्यावी?

जर्मन टा १५२ एच आणि अमेरिकन बेअरकॅट ही विमानं बाजूला ठेवा. पहिलं मोजकंच बनलं आणि दुसरं तुकड्यांत दाखल झालं तेव्हा युद्ध संपत आलं होतं. दोघांवरही प्रचंड वाद झडतात आणि पडताळून पाहायला लढाईच्या नोंदी फारशा नाहीत.

सुरुवात मर्लिन ६६ लावलेल्या स्पिटफायर ९ आणि पी-५१ डी या जोडीने करा. मस्टँगमधलं इंजिन म्हणजे अमेरिकेत पॅकार्डने परवान्यावर बनवलेलं, जवळपास तेच मर्लिन. ताकद सारखी, वजन मस्टँगचं बरंच जास्त. तरी स्पिटफायर ९ चा कमाल वेग साडेसहाशेच्या आसपास आणि मस्टँगचा ७०३. हे पन्नास किलोमीटर कुठून आले ते शोधा. पंखाच्या घडणीपासून सुरू करा, मग मस्टँगच्या पोटाखालच्या रेडिएटरचं तोंड आणि त्याची मागची झडप नीट पाहा, आणि स्पिटफायरच्या पंखांखाली लटकणाऱ्या दोन रेडिएटरशी ताडून बघा.